विठ्ठलवाडीची नदी आणि जर्मनचं पातेलं

वाचकहो, विठ्ठलवाडी म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढं टाळ-मृदंग येतील. पण आज तुम्हांला नेतो ती विठ्ठलवाडी म्हणजे कल्याणहून कर्जतकडे निघालात की लागणारं पहिलंच स्टेशन. पुढं उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर.

इथं उतरलात की वालधुनी नदी दूर नाही. अंबरनाथच्या १०६० सालच्या शिवमंदिराजवळून ती येते, वाटेत कारखान्यांचं नि शहरांचं सांडपाणी पोटात घेते आणि कल्याणजवळ उल्हासच्या खाडीला मिळते. २९ नोव्हेंबर २०१४ च्या पहाटे उल्हासनगरात तिच्यात टँकरमधला रासायनिक कचरा ओतला गेला. विषारी वायू पसरला, शेकडो माणसं दवाखान्यात गेली. कचऱ्याची रीतसर विल्हेवाट लावायला पैसे पडतात. ते वाचवले एकानं, भरले नदीकाठच्यांनी!

तुमच्या घरातल्या जर्मनच्या पातेल्याचा हिशेबही असाच आहे, बरं का. फुटकं पातेलं तुम्ही भंगारवाल्याला देता. ते चांगलंच. खनिजापासून ॲल्युमिनियम करायला जेवढी ऊर्जा लागते, तिच्या विसाव्या हिश्श्यात मोडीतून तो धातू मिळतो. पण भट्टीत तो वितळला, की दुधावर साय धरावी तसा वर मळ धरतो. कारखानदार त्याला ‘ड्रॉस’ म्हणतात. त्यात थोडा धातू राहतो, म्हणून क्षार घालून तो पुन्हा गाळतात. शेवटी उरते ती खारट राख.

तिला पाणी लागलं की ती तापते. अमोनियाचा उग्र दर्प सुटतो, पेट घेणारा हायड्रोजनही निघतो. पावसात तिचे क्षार जमिनीत आणि विहिरीत उतरतात. म्हणूनच २०१६ च्या नियमांनी ड्रॉस घातक कचऱ्यात धरला आहे. असा कचरा पुरायला तळोज्याला खास बांधलेली जागा आहे. पण तिथं न्यायचं तर वाहतूक आली, खर्च आला.

तेव्हा उद्या कोणी बांधावर येऊन, “पडकातला खड्डा फुकट भरून देतो, वर चार पैसेही देतो,” म्हणाला, तर आधी विचारा, हा माल कुठल्या भट्टीचा? करड्या भरावाला ओल लागताच मुतारीसारखा वास आला, तर हात लावू नका, पोरं-गुरं लांब ठेवा. ग्रामपंचायतीला आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला लगेच कळवा.

चार पैसे हंगामात सरतील. खारावलेली विहीर मात्र लवकर गोडी होत नाही.