दोन गुंठे आणि अकरा नावं

आमच्या घराण्यात 'जागा' हा शब्द फार आदराने उच्चारला जातो. सोनं मोडावं लागतं, शेअर पडतात, पण जमीन कुठे जात नाही, हे वाक्य मी लहानपणापासून प्रत्येक लग्नाच्या पंगतीत ऐकत आलोय. खरंच आहे ते. जमीन कुठे जात नाही. अडचण नेमकी तिथेच आहे.

आमच्या काकांनी २००६ साली निवृत्तीच्या पैशांतून पुण्याजवळ दोन गुंठे घेतले. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट. असे ४० झाले की एकर. माळावर फक्की मारून रस्ते आखलेले, कोपऱ्यांवर दगड रोवलेले. काकांचं नाव गावच्या शेतीला लागलेलं, त्यामुळे शेतजमीन घ्यायला आडकाठी नव्हती. पण आपल्याकडे १९४७ पासून तुकडेबंदीचा कायदा आहे. शेतजमिनीचा ठरावीक क्षेत्राहून लहान तुकडा पाडून विकता येत नाही. (२०२३ च्या अधिसूचनेनुसार बहुतेक जिल्ह्यांत हे क्षेत्र जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे आहे. शहरी भागांना २०२५ मध्ये सवलत मिळाली, पण काकांचा माळ अजून शेतीतच मोडतो.)

यावर पळवाट ठरलेली. दहा-बारा जणांनी मिळून एकच खरेदीखत करायचं आणि सातबाऱ्यावर सगळ्यांची नावं सामाईक लावायची. 'तुमचा प्लॉट हा' असं एजंट बोटाने दाखवतो. कागदावर मात्र प्लॉट नसतोच, नुसता हिस्सा असतो. काकांच्या सातबाऱ्यावर अशी अकरा नावं आली.

२०१९ मध्ये काकूचं हृदयाचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा काका म्हणाले, "जागा काढून टाकू." गिऱ्हाईक आलं, जागा बघून खूश झालं, सातबारा वाचला आणि म्हणालं, बाकीच्या दहा जणांची संमती आणा. कायद्याने आपला हिस्सा विकता येतो हो, पण वाटणीचं भांडण विकत घ्यायला कोण येणार? त्या दहांपैकी एक दुबईला, दोघं वारलेले आणि त्यांच्या वारसांचं आपसात पटत नाही, एकाचा पत्ताच कुणाकडे नाही. बँकेनेही त्यावर कर्ज द्यायला नकार दिला. शेवटी काकूच्या पाटल्या गेल्या आणि चुलतभावाने वैयक्तिक कर्ज काढलं. काकू आज ठणठणीत आहे. पाटल्या परत झाल्या नाहीत. दोन गुंठे जिथल्या तिथे आहेत.

"पण भाव तिप्पट झाला ना?" असं आमच्याकडे अजूनही कुणीतरी विचारतंच. झाला, १५ वर्षांत, तोही तोंडी. आता हिशोब बघा. २००३ च्या मार्चपासून २०११ च्या नोव्हेंबरपर्यंत पीपीएफवर ८ टक्के व्याज मिळत होतं. ८ टक्क्यांनी १५ वर्षांत पैसे तिपटीहून थोडे जास्तच होतात, आणि त्यासाठी अकरा जणांच्या सह्या लागत नाहीत.

हे सगळं आज लिहायचं कारण म्हणजे आमच्या भाचेजावयांनी पाठवलेलं प्लॉटचं माहितीपत्रक. त्यात 'प्रस्तावित विमानतळापासून २० मिनिटांवर' असं ठळक छापलंय. नवी मुंबईच्या विमानतळाला केंद्राने २००७ मध्ये मंजुरी दिली, उद्घाटन झालं ऑक्टोबर २०२५ मध्ये. तेव्हा जन्मलेलं मूल एवढ्यात मतदार झालं! 'प्रस्तावित' या शब्दाचे पैसे मात्र आजच मोजावे लागतात.

जमीन घेऊच नये असं मी म्हणत नाही. ज्यांची कागदपत्रं स्वच्छ होती आणि ज्यांना घाई नव्हती, त्यांचं भलं झालेलंही पाहिलंय. पण घेताना सातबारा स्वतंत्र आहे का, मंजूर रेखांकन आहे का, ५०० चौरस मीटरहून मोठं प्लॉटिंग असेल तर रेराचा नोंदणी क्रमांक आहे का, हे आपल्या वकिलाकडून बघून घ्यावं. एजंटच्या वकिलाकडून नव्हे. खरेदीखत नोंदवलं म्हणजे विकणाऱ्याची मालकी सिद्ध झाली असंही नाही. नोंदणी दस्ताची होते, हक्काची हमी कुणी देत नाही.

आणि हो, दवाखान्याचे, शिक्षणाचे, म्हातारपणाचे पैसे माळावर नेऊन पुरू नयेत. भाव पडायची भीती त्यामानाने लहान. गरजेच्या दिवशी हाक मारली तर जमीन ओ देत नाही, ही खरी जोखीम.

भाचेजावई, वाचताय ना?