डिझेलचे कपडे

मिरकरवाडा बंदराच्या आसपास लाँड्री चालवायची म्हटली की डिझेलच्या कपड्यांपासून सुटका नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेवढे दोन महिने आमचं काउंटर गणवेशांवर आणि लग्नसराईतून परतलेल्या शालूंवर चालतं. बंदी उठायच्या बेतात लाँचांच्या इंजिनांची कामं निघतात, टाक्या भरल्या जातात आणि तांडेल-खलाशांच्या जीन्स, जर्सी, बनियनं गाठोड्यांनी यायला लागतात. गाठोडं सोडायच्या आधीच आत काय आहे ते कळतं.

त्यात दोन वास असतात आणि दोघांचा स्वभाव निराळा. माशाचा वास अमाइन जातीच्या, म्हणजे अल्कधर्मी द्रव्यांचा. लिंबू किंवा व्हिनेगर घातलेल्या पाण्यात कपडा भिजवला की तो नरमतो. डिझेल लिंबाला भीक घालत नाही. ते आम्ल नाही की अल्क नाही, निव्वळ हायड्रोकार्बन. ब्लीचनेही त्याचं काही बिघडत नाही. ब्लीच रंग मारतं, तेल नाही. २०२० च्या एप्रिलपासून बीएस-६ इंधन आलं, डिझेलमधलं गंधक १० पीपीएमवर उतरलं. माझ्या नाकाला पूर्वीचा तो उग्र दर्प थोडा कमी वाटतो खरा, पण कपड्यात मुरायची खोड तीच आहे.

गिऱ्हाईक ‘पेट्रोल-डिझेल’ एका दमात म्हणतं. आमच्या लेखी ती दोन वेगळी दुखणी. पेट्रोलमधले हलके घटक तीस-चाळीस अंशांनाच उकळायला लागतात. कपडा उघड्या वाऱ्यावर टांगला की बहुतेक उडून जातं. डिझेलच्या बऱ्याच घटकांना उकळायला दोनशे-तीनशे अंश लागतात, त्यामुळे ते धाग्यात ठाण मांडतं आणि दिवसेंदिवस थोडा थोडा वास सोडत राहतं. पेट्रोलला वारा द्यायचा, डिझेलला साबण. मात्र पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. ती जमिनीलगत सरकत जाते आणि लांबची ठिणगीही तिला पुरते. माझे आजोबा सोड्याच्या पाण्यातले कपडे भट्टीवर चढवण्याआधी एकेक हुंगून घ्यायचे, शंका आली की तो कपडा परड्यातल्या दांडीवर. आज भट्टी गेली, वॉशिंग मशीन आणि ड्रायर आले, नियम तोच. इंधनाने ओला कपडा मशीनमध्ये नाही, ड्रायरमध्ये नाही, इस्त्रीखाली तर नाहीच.

डिझेलची जर्सी मी कोरडीच टेबलावर घेतो. आधी पाणी लावलं की साबण त्या पाण्यात फिका पडतो, तेलापर्यंत पोचत नाही. डागाखाली एक जुनं सुती फडकं, वर दुसरं, दाबून टिपायचं. चोळलं की तळहाताएवढा डाग ताटाएवढा होतो. मग मुलतानी माती भुरभुरवून ठेवायची. थोड्या वेळाने कडेची माती फिकी राहते आणि मधली गडद, ओलसर दिसते: तेवढं तेल वर आलं. ती झटकली की भांड्यांचा लिक्विड साबण थेट डागावर, बोटाने कडेकडून मध्याकडे. साबणाचं एक टोक तेलाला धरतं, दुसरं पाण्याला, म्हणून त्याला धरायला वेळ द्यावा लागतो. एवढं झाल्यावर कपड्याला सोसेल तितकं गरम पाणी. पाणी दुधाळ होतं, वर सप्तरंगी तवंग येतो. तवंग दिसेनासा होईपर्यंत पाणी बदलत राहायचं, आणि या बादलीत दुसऱ्या कुणाचा रुमालसुद्धा टाकायचा नाही. सुती कपडा लवकर ऐकतो. पॉलिएस्टरला मात्र पाण्यापेक्षा तेलच जवळचं. खलाशांच्या जर्सी नेमक्या पॉलिएस्टरच्या.

रेशीम किंवा लोकरीचा कोट असेल तर एमटीओ. हे मिनरल टर्पेंटाइन म्हणजे कच्च्या तेलातूनच निघालेलं, रॉकेलचं भावंड. जड तेल हलक्या तेलात विरघळवायचं, पिळून काढायचं, उरलेलं हलकं उडून जातं. ड्रायक्लीनिंगचा निम्मा धंदा या युक्तीवर उभा आहे. घरी रॉकेल घेऊन कुणी हा प्रयोग करू नये. बंद मोरीत ती वाफ कुठे जाणार?

‘भाऊ, सुगंधी कंडिशनर जरा जास्त टाका,’ असं सांगणाऱ्या वहिनी पुष्कळ. मी टाकत नाही. कंडिशनर धाग्यावर थर धरतं, आतलं तेल आतच राहतं. दोन दिवसांनी मोगरा आणि डिझेल दोन्ही येतात. सकाळपासून तेच कपडे हाताळून माझं नाक दुपारपर्यंत बसलेलं असतं, त्याच्यावर भरवसा नाही. म्हणून वाळलेला कपडा प्लास्टिकच्या पिशवीत बांधून उन्हात ठेवतो आणि बाहेरून आलेल्या माणसाला पिशवीत हुंगायला लावतो. वास आला तर कपडा परत बादलीत. इस्त्री करून तो लपवणं ही गिऱ्हाइकाची फसवणूक आहे.

तुम्हाला एवढंच सांगणं: अंगावर इंधन सांडलं तर कपडे आधी उतरवा, कातडी साबणाने धुवा. ते कपडे प्लास्टिकमध्ये गच्च बांधून, घडी घालून आणू नका. उघडे आणा, वेगळे द्या, आणि पेट्रोल होतं की डिझेल ते काउंटरवर आधी सांगा.