चार चौकोनांतला नीरो

इंग्रजी शब्दकोडी सोडवण्याची सवय लागली की काही माणसं वारंवार भेटायला लागतात. त्यातला माझा सगळ्यात जुना ओळखीचा म्हणजे नीरो. क्लू साधासुधा असतो: 'रोमन सम्राट, चार अक्षरं.' दहातल्या आठ वेळा नीरोच निघतो. उरलेल्या वेळी ओथो. हा बिचारा इ.स. ६९ मध्ये जेमतेम तीन महिने गादीवर होता, पण शब्दकोड्यात अजून टिकून आहे! दोघांचंही शेवटचं अक्षर 'ओ', त्यामुळे नुसता शेवटचा चौकोन भरून भागत नाही. उभे शब्द सुटेपर्यंत थांबावं लागतं.

नीरो एवढा लाडका का, याचं कारण इतिहासात नाही, स्पेलिंगमध्ये आहे. एन, ई, आर, ओ ही चारही अक्षरं इंग्रजीत सतत लागणारी. शिवाय एक व्यंजन, एक स्वर, पुन्हा एक व्यंजन, एक स्वर. कोडं रचणारा कोपऱ्यात अडकला की असा शब्द त्याला हात देतो. आपल्या मराठी कोड्यात मात्र काना-मात्रा अक्षराबरोबर त्याच चौकोनात बसतात, म्हणून तिथे हाच सम्राट 'नी' आणि 'रो' अशा दोन घरांत मावतो. आर्थर विन यांचं पहिलं शब्दकोडं न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्रात २१ डिसेंबर १९१३ रोजी छापून आलं. म्हणजे या खेळाला शंभराहून अधिक वर्षं झाली. तेवढ्या काळात नीरोला किती तऱ्हेने विचारून झालं असेल!

काही तऱ्हा सांगते. 'सेनेकाचा शिष्य.' 'क्लॉडियसनंतरचा.' 'इटालियन भाषेतला काळा', कारण आजच्या इटालियनमध्ये नीरो म्हणजे काळा. पण हा रंग वेगळ्या लॅटिन शब्दातून आलेला आहे. सम्राटाचं नाव जुन्या सबाईन भाषेतलं, आणि स्वेटोनियस या रोमन चरित्रकाराने त्याचा अर्थ बलवान, धडाडीचा असा दिला आहे. तेही त्याचं जन्माचं नाव नव्हेच. जन्मला तेव्हा तो लुसियस डोमिशियस अहेनोबार्बस होता. अहेनोबार्बस म्हणजे तांबूस दाढीवाला. सावत्र बापाने, म्हणजे क्लॉडियसने, इ.स. ५० मध्ये दत्तक घेतल्यावर तो नीरो झाला. रेक्स स्टाउटच्या कादंबऱ्यांतला घरात बसून गुन्हे उकलणारा जाडजूड डिटेक्टिव्ह नीरो वुल्फ, तोही क्लूमध्ये येतो.

पण सगळ्यांत आवडता क्लू कोणता, तर 'रोम जळताना फिडल वाजवणारा'. हा क्लू इंग्रजी न येणाऱ्यालाही सुटेल. पूर असो, दुष्काळ असो, आपल्याकडच्या अग्रलेखांत आणि विधानसभेतल्या भाषणांत नीरो हजर असतोच.

आता गंमत बघा. फिडल म्हणजे व्हायोलिन, आणि व्हायोलिन जन्माला आलं सोळाव्या शतकात. रोमची ती मोठी आग लागली इ.स. ६४ च्या जुलैत. नीरो वाजवायचा तो किथारा, तारा छेडून वाजवायचं वाद्य. आगीच्या वेळी लहान असलेल्या टॅसिटसने पुढे मोठेपणी तिची हकीकत लिहिली. तो काही नीरोचा भाट नव्हे, पण त्यानेही लिहून ठेवलंय की आग लागली तेव्हा नीरो रोममध्ये नव्हता, समुद्रकाठच्या अँटियमला होता. आग त्याच्या वाड्याजवळ पोचायला आली तेव्हा तो परतला. बेघर झालेल्यांसाठी त्याने स्वतःच्या बागा उघडल्या, तात्पुरते निवारे उभारले, आसपासच्या गावांतून धान्य आणवलं आणि त्याचा भाव उतरवला. आग सहा दिवस चालली आणि विझली असं वाटत असताना पुन्हा भडकली. शहराच्या १४ विभागांपैकी फक्त ४ शाबूत राहिले. पुढे बांधणी करताना रस्ते रुंद ठेवले, इमारतींच्या उंचीला मर्यादा घातली.

मग ते गाण्याचं काय? टॅसिटस म्हणतो, अशी एक अफवा होती की शहर जळत असताना नीरो आपल्या खाजगी रंगमंचावर ट्रॉयच्या विनाशाचं गाणं गात होता. अफवा, बरं का! नंतरच्या लेखकांनी ती घडलेली गोष्ट म्हणून सांगितली, आणि आणखी पुढे तिच्या हातात व्हायोलिन आलं.

म्हणून नीरो भला माणूस होता का? छे! त्याने इ.स. ५९ मध्ये सख्ख्या आईला मारवलं, नंतर बायकोला. ज्या सेनेकाने त्याला शिकवलं त्याला इ.स. ६५ मध्ये स्वतःचा जीव घ्यायला लावलं. मी मास्तरीण, मला ते विसरता येत नाही. आगीचं खापर त्याने ख्रिस्ती लोकांवर फोडलं आणि त्यांचे हालहाल केले. जळालेल्या जागेवर स्वतःसाठी अवाढव्य सुवर्णमहाल उठवला. तरीही, तिसाव्या वर्षी तो मेल्यावर त्याच्या थडग्यावर कितीतरी वर्षं कुणी ना कुणी फुलं ठेवत होतं, हेही स्वेटोनियसनेच लिहिलंय. २०२१ साली लंडनच्या ब्रिटिश म्युझियमने नीरोवर मोठं प्रदर्शन भरवलं, तेही दंतकथा बाजूला सारून माणूस बघण्यासाठीच.

इंग्रजीत उदार या अर्थाचा जो 'जेनरस' शब्द आहे ना, त्याचं स्पेलिंग मांडा. त्याच्या पोटात एन, ई, आर, ओ ही चार अक्षरं ओळीने बसलेली आहेत. कोडं रचणाऱ्यांना हा योगायोग फार उपयोगी पडतो.

कोड्याची यात काही चूक नाही. चार चौकोन भरायला जेवढं लागतं तेवढंच ते विचारणार. 'जोड्या लावा' हा प्रश्नही तसाच, मी तीस वर्षं तो काढला. अ गटात माणूस, ब गटात त्याची एक ओळ. परीक्षेपुरतं ते ठीक असतं. पण आपण घरातही जोड्या लावतो, आणि म्हणूनच आज हे लिहायला बसले.

आमच्या माहेरी मधल्या काकांचा क्लू ठरलेला आहे: 'वाडा विकणारे.' आता जे नातवंड-पतवंड हे वाचतायत, त्यांना काकांबद्दल एवढंच ठाऊक आहे, कारण आम्ही एवढंच सांगितलं. १९७२ च्या दुष्काळात काकांनी वाडा विकला हे खरं. अण्णांना, म्हणजे थोरल्या भावाला, न विचारता विकला हेही खरं, आणि ते वाईटच केलं. अण्णा पुढे जन्मभर त्यांच्याशी बोलले नाहीत. पण त्या पैशांवर त्या वर्षी अकरा माणसं दोन्ही वेळ जेवली, धाकट्या आत्याचं नर्सिंगचं शिक्षण सुटलं नाही, आणि स्वतः काका मरेपर्यंत भाड्याच्या दोन खोल्यांत राहिले. यातलं प्रत्येक वाक्य घरातल्या मोठ्यांना माहीत आहे. फक्त कुणी सलग म्हणत नाही.

काका जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांना ओळखणारे आता आम्ही चौघंच उरलोय. तेव्हा पुण्याच्या आत्येबहिणींनो आणि नागपूरच्या वहिनी, तुम्हाला काका जसे आठवतात तसे लिहून कळवा. गोड तेवढंच नको, सगळंच लिहा. अक्षरांची मर्यादा नाही.