थोडक्या पैशांत फिनलंड

घरातले पोर परदेशी शिकायला गेले, की आपला पहिला हिशेब पैशांचा असतो. बँकेचे कर्ज, कॉलेजची फी, खोलीचे भाडे. अशात त्याने फोनवर सांगितले, 'सुट्टीत चार दिवस फिरून आलो', की आपल्या कपाळाला आठी पडते. शिकायला गेला की फिरायला? माझ्या पुतण्याला मीही हेच विचारले होते. तो फिनलंडात शिकतो. युरोपबाहेरच्या मुलांना तिथे 2017 पासून फी भरावी लागते. थोरल्या भावाने द्राक्षबाग तारण ठेवून त्याला पाठवलेला, तेव्हा आपले काही चुकले असे मला त्या वेळी वाटले नाही.

पोराने ऐकले. पहिले वर्षभर तो कॉलेज आणि खोली सोडून कुठे गेला नाही. तो हिवाळा त्याला फार जड गेला. फिनलंडच्या दक्षिण टोकाला असलेल्या हेलसिंकीतही डिसेंबरातला दिवस सहा तासांचा भरत नाही. खिडकीबाहेर अंधार आणि आत हा एकटा. फोन ठेवल्यावर वहिनी म्हणायची, "आवाज बरा लागत नाही हो त्याचा." आम्ही म्हणायचो, थंडी असेल. पुढे वर्गातल्या मुलांनीच त्याला ओढून बाहेर काढले. गेल्या ऑगस्टात मी तीन आठवडे त्याच्याकडे राहून आलो. कॉफीच्या एका कपाला तीन-चारशे रुपये मोजावे लागतात, अशा देशात ही मुले फिरतात कशी, ते डोळ्यांनी पाहिले. तुमच्यापैकी कोणाचे पोर तिकडे असेल किंवा जायच्या तयारीत असेल, त्यांच्यासाठी हे लिहितो.

फिनलंड आपल्या महाराष्ट्राहून थोडा मोठाच, पण वस्ती सगळी मिळून साधारण 56 लाख. जमिनीचा सुमारे तीन चतुर्थांश भाग जंगलाखाली. तळी तर एक लाख अठ्ठ्याऐंशी हजार मोजतात. यातले निम्म्याहून अधिक जंगल खासगी कुटुंबांच्या मालकीचे आहे. म्हणजे आपल्या भाषेत सातबारा कोणाच्या तरी नावावर आहेच. तरीही त्या जंगलातून कोणीही चालावे, सायकल न्यावी, बर्फात स्की घालून जावे, रात्रभर तंबू टाकावा. मालकाला विचारावे लागत नाही, पैसेही द्यावे लागत नाहीत. हा हक्क तिथल्या नागरिकालाच नव्हे, तुमच्या-माझ्यासारख्या पाहुण्यालाही आहे. फिनिश भाषेत त्याला 'योकामिएहेन ओइकेउस' म्हणतात. 'प्रत्येकाचा हक्क' असा त्याचा अर्थ.

हे ऐकून मला पहिल्यांदा धसकाच बसला. आपल्याकडे बांधावरच्या रस्त्यावरून भाऊ-भाऊ तहसील कचेरीच्या पायऱ्या झिजवतात. वहिवाटीचा दावा आजोबा लावतो आणि निकाल नातू ऐकतो. मी पुतण्याला म्हणालो, "अरे, मग शेतकऱ्याच्या पिकाचे काय?" तो हसला. म्हणाला, "काका, पिकात पाय टाकायचा नाही, हाच पहिला नियम." पेरलेल्या शेतातून जाता येत नाही, घराच्या अंगणाजवळ रेंगाळता येत नाही, मालकाच्या परवानगीवाचून जाळ करता येत नाही. झाड तोडायचे नाही, शेवाळसुद्धा उचलायचे नाही. हेलसिंकीच्या बाहेर एका ओटच्या शेताशी आमची पायवाट आली, तेव्हा पोरांनी चांगला अर्धा मैल वळसा घातला. कुंपण नव्हते, राखण्याही नव्हता. मी मुद्दाम वाकून शेताची कड पाहिली. एक ताटही तुडवलेले नव्हते.

रानातली फळेही वेचणाऱ्याची. ऑगस्टात पाइनच्या सावलीत गुडघ्याएवढ्या झुडपांना निळीजांभळी बारीक फळे लगडतात, त्यांना 'मुस्तिका' म्हणतात. आपल्या करवंदांच्या जाळीत शिरल्यासारखेच वाटते, फक्त काटे नाहीत. सप्टेंबरात तांबडी, आंबट 'पुओलुका' येतात. पुतण्या आणि त्याचे सोबती दोन दुपारी डबे घेऊन गेले आणि हिवाळाभर पुरतील एवढी फळे वेचून सोसायटीच्या शीतपेटीत टाकली. सकाळच्या लापशीत तीच. बाजारात विकत घेतली असती तर महिन्याचा भाजीखर्च त्यात गेला असता.

जेवणाचा भार हलका होण्याचे दुसरे कारण विद्यार्थी-खानावळी. सरकार किमतीचा काही भाग भरते, म्हणून तीन युरोच्या आसपास, म्हणजे आपल्या साधारण तीनशे रुपयांत, गरम पदार्थ, कोशिंबिरीसारखी पाने, ब्रेड आणि दूध मिळते. बाहेर त्याच जेवणाला चौपट पडतात. फिरणाऱ्याच्या दृष्टीने यातली खुबी अशी, की विद्यार्थ्याचे ओळखपत्र देशातल्या दुसऱ्या गावच्या अशा खानावळीतही चालते. तुर्कूला जा, ताम्पेरेला जा, ओउलूला जा, दुपारचे पोट भरले. नळाचे पाणी सगळीकडे पिण्याजोगे, बाटली विकत घ्यायचे कारण नाही.

रेल्वेच्या तिकिटात विद्यार्थ्यांना सवलत असते, आणि तिकीट जितके आधी काढाल तितके बहुधा स्वस्त पडते. आम्ही हेलसिंकीहून उत्तरेला कोलारीला जाणारी रात्रीची गाडी घेतली. प्रवासी गाडी जाते असे ते देशातले सर्वांत उत्तरेचे स्टेशन. झोपायचा डबा महाग, म्हणून आम्ही खुर्चीवर बसून गेलो. मान अवघडली, पण एका रात्रीचे खोलीभाडे वाचले. वहिनीने दिलेल्या मेतकुटाचा आणि शेंगदाण्याच्या चटणीचा आम्ही दोघांनी डब्यात फडशा पाडला. समोरची म्हातारी कुतूहलाने पाहत होती. चटणी पुढे केली, तर तिने चिमूटभर चाखून डोळ्यांत पाणी आणले आणि पुन्हा हात पुढे केला.

कोलारीच्या पुढे बसने जाऊन पल्लास-युल्लास्तुन्तुरी नावाचे राष्ट्रीय उद्यान लागते. फिनलंडात अशी 41 राष्ट्रीय उद्याने आहेत आणि एकातही प्रवेशाचे तिकीट नाही. या उद्यानातून हेत्ता ते पल्लास अशी सुमारे 55 किलोमीटरची खुणा केलेली पायवाट उघड्याबोडक्या डोंगरमाथ्यांवरून जाते. मी सगळी चाललो नाही, दोन मुक्कामांपुरती चाललो. त्यातला एक मुक्काम मात्र तुम्हाला नीट सांगायचा आहे.

वाटेवर सरकारी वनखात्याने लाकडी झोपड्या बांधल्या आहेत. त्यांना 'आउतिओतुपा' म्हणतात. दाराला कुलूप नाही, राखणदार नाही, भाडे नाही. कोणीही यावे आणि एक-दोन रात्री राहून पुढे जावे. आत एक खोली, लोखंडी चूल, टेबल, झोपायला फळ्यांचे माचे. बाहेर सरपणाची खोप, कुऱ्हाड, आणि जरा दूर संडास. आम्ही दुपारी चारला पोचलो. मी खिडकीजवळचा माचा धरला, अंथरूण पसरले, चूल पेटवली. रात्री नऊच्या सुमारास पावसात भिजलेले एक जोडपे आले. मी मनात म्हटले, आले तर आले, कोपऱ्यात जागा आहे. पुतण्या मात्र उठून आमचे सामान गुंडाळू लागला.

"अरे, आपण आधी आलोय ना?" मी म्हणालो.

"काका, इथे उलटे आहे. जो शेवटी येतो त्याचा हक्क मोठा. आधी आलेला सुकलेला असतो, जेवलेला असतो, विसावलेला असतो. जागा अगदीच संपली तर त्याने पुढे निघायचे."

मला लाज वाटली, ती मी आज कबूल करतो. चुलीजवळचा माचा त्यांना दिला. सकाळी निघताना ते दोघे बाहेर लाकडे फोडत होते. जेवढी जाळली त्याहून थोडी जास्त फोडून आत ठेवायची, म्हणजे पुढच्याला ओल्या हातांनी कुऱ्हाड धरावी लागत नाही. लाकूड फोडायला मला कोणी शिकवायची गरज नव्हती. तासाभरात मी खोपीचा एक कोपरा भरला, तेव्हा कुठे बरे वाटले. टेबलावर एक वही असते, तीत नाव, तारीख आणि पुढे कुठे जाणार ते लिहायचे. कोणी वाट चुकला, तर शोधणाऱ्यांना ती वही उपयोगी पडते.

हे सारे उत्तरेचे. तेवढा वेळ नसेल तर जवळही पुष्कळ आहे. हेलसिंकीच्या बाजारचौकातून सुओमेनलिन्ना या बेटावरच्या किल्ल्यावर शहर-बसच्याच तिकिटावर फेरीबोट जाते. पाव तासाचा प्रवास. 1748 साली स्वीडिश लोकांनी बांधायला घेतलेला हा किल्ला आहे. तटावर बसून भाकरी खायला पैसे पडत नाहीत. नुउक्सिओचे जंगल लोकल आणि बसने गाठता येते. तुर्कूजवळच्या बेटांत सायकल घेऊन मुले जातात. तिथल्या पिवळ्या फेरीबोटी सरकारी रस्त्याचाच भाग धरतात, त्यामुळे त्यांत फुकट बसता येते. वाटेत रुमात्तुला हे लवकरच्या बटाट्यासाठी नावाजलेले गाव लागते. बटाट्याची शेते पाहण्यात माझा अर्धा दिवस गेला आणि पुतण्या कंटाळला.

फुकट म्हणजे बिनखर्ची नव्हे, हेही सांगतो. चांगले बूट आणि पावसाचा अंगरखा यांत पैसे घालावेच लागतात. तंबू, झोपायची पिशवी ही मुले एकमेकांकडून उसनी घेतात. जुलैत उत्तरेला डासांचे थवे माणसाला वेडे करतात. दक्षिणेच्या गवतात गोचीड असतात, संध्याकाळी अंग तपासून पाहावे. कोरड्या दिवसांत वणव्याचा इशारा लागला, की उघड्यावर काडीसुद्धा ओढायची नाही. हिवाळ्यात नवख्याने एकट्याने डोंगरात जाऊच नये.

तेव्हा पोराने फोनवर फिरायला निघालो म्हणून सांगितले, तर 'पैसे किती गेले' हे नंतर विचारा. आधी विचारा, सोबत कोण आहे, बूट कसे आहेत, मुक्काम कुठल्या झोपडीत आणि परत कधी. अडचणीला फोन कुठला फिरवायचा, हेही त्याच्याकडून म्हणवून घ्या. तो क्रमांक 112.