चूल आणि कुटुंब

नोकरीनिमित्त दिल्लीत येऊन राहिलेल्या मराठी माणसाला ‘आपल्या घरी माणसे किती?’ असे कोणी विचारले, तर तो क्षणभर घोटाळतो. सरकारी अर्जावर लिहावयाचे असेल तर तो चार लिहितो. गावच्या गणपतीसाठी शिधा काढावयाचा असेल तर चौदा धरतो. दोन्ही उत्तरे खरी असतात. आम्हां केंद्रीय सेवकांना याचे नवल वाटू नये, कारण प्रवास-सवलतीच्या नियमांतले कुटुंब आणि कुटुंब-निवृत्तिवेतनाच्या नियमांतले कुटुंब ही तंतोतंत एक नव्हेत, हे आम्ही टिपणे लिहिता लिहिता शिकलो आहोत. परंतु या साध्या घोटाळ्यावर समाजशास्त्रज्ञांनी उभी हयात घालवली आहे, आणि त्यांतले काही आमच्या याच शहरात, विद्यापीठाच्या आवारात बसून भांडले आहेत.

जनगणनेला एकच उत्तर हवे असते. जी माणसे सामान्यतः एकत्र राहतात व एकाच स्वयंपाकघरातले जेवतात, ती मिळून एक कुटुंब, अशी तिची व्याख्या. मानसिंग रोडवरच्या कचेरीला यात दोष देता येणार नाही. प्रगणकाला दिवसात कितीतरी दारे ठोठवायची असतात. कोणाचा जीव कोठे गुंतला आहे हे तो कसा मोजणार? चूल दिसते, म्हणून चूल मोजावयाची. मात्र रकाना एकदा आखला की पुढे वाचणारा त्या रकान्यालाच वस्तू समजू लागतो. १९५१ च्या जनगणनेत लहान घरांचे प्रमाण मोठे आढळले, आणि अहवालकारांनी लगेच अनुमान काढले की लोक एकत्र कुटुंबातून बाहेर पडून वेगळी बिऱ्हाडे करू लागले आहेत.

वरवर पाहता हे अनुमान आकड्यांतून निघाले. वस्तुतः ते आकड्यांच्या आधीच तयार होते. पुढे व्हाइसरॉयच्या कौन्सिलात कायदेविषयक सदस्य म्हणून हिंदुस्थानात आलेल्या हेन्री मेन यांनी १८६१ च्या ‘एन्शंट लॉ’ या ग्रंथात असे मांडले होते की, समाज जन्माने मिळणाऱ्या दर्जाकडून कराराकडे जातो आणि या वाटचालीत कुटुंबाची जागा व्यक्ती घेते. शहरे, कारखाने, इंग्रजी शिक्षण यांनी एकत्र कुटुंब मोडणारच, ही समजूत सुशिक्षितांच्या अंगवळणी पडली होती. तेव्हा लहान घर दिसले की ते मोठ्या घराचा तुकडाच असणार! पूर्वीची घरे खरोखर मोठी होती काय, हे विचारण्याची गरज फारशी कोणाला भासली नाही. विलायतेतही हाच भ्रम होता. केंब्रिजच्या पीटर लॅस्लेट यांनी जुन्या याद्या तपासून १९७२ साली दाखविले की सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून विसाव्याच्या आरंभापर्यंत इंग्लंडातल्या घराची सरासरी पावणेपाच माणसांच्या आसपासच राहिली होती.

आपल्याकडे इरावतीबाई कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात एकत्र कुटुंबाची खूण सांगितली ती अशी: एक छप्पर, एक चूल, सामाईक मालमत्ता, सामाईक देवकार्य आणि परस्परांचे नाते. मराठी वाचकाला ही व्याख्या घरच्या उंबरठ्यासारखी ओळखीची वाटते. पण ती आमच्यासारख्यांना लावून पाहा. छप्पर वेगळे, चूल वेगळी. सात-बारावर मात्र सर्व भावांची नावे, कुळधर्म गावी, नाते अबाधित. पाचांपैकी तीन खुणा शाबूत. मग आम्ही एकत्र की विभक्त?

काही काळ पुण्यात काम केलेल्या आय. पी. देसाई यांनी १९५६ साली हीच अडचण पकडली आणि सौराष्ट्रातल्या महुवा गावी जाऊन घरोघर चौकशी केली. वेगळ्या चुलीची घरेही मालमत्तेने व परस्परांच्या कर्तव्यांनी बांधलेली असतात, तेव्हा एकत्रपणा ही आहे-नाही अशी गोष्ट नसून तिला पायऱ्या आहेत, असे ते म्हणाले. १९५९ साली एम. एन. श्रीनिवास यांनी दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये समाजशास्त्र विभाग सुरू केला. त्यांचे बडोद्याचे विद्यार्थी ए. एम. शहा पुढे तेथेच आले. खेडा जिल्ह्यातल्या राधवाणज या गावात शहांनी मुक्काम केला होता, आणि त्या गावाची एकोणिसाव्या शतकारंभीची दप्तरेही वाचली होती. घर आणि कुटुंब हे दोन शब्द आधी वेगळे करा, मग मोजा, असा त्यांचा आग्रह. मुलांची लग्ने झाली की घर फुगते, बाप गेला की फुटते, फुटलेली घरे पुन्हा फुगतात. एका दिवसाची गणती म्हणजे या फिरत्या चक्राचे एक छायाचित्र. हा चक्राचा विचार केंब्रिजच्या मेयर फोर्ट्स यांनी १९५८ साली आफ्रिकेच्या अनुभवावरून मांडलेला होता. गुजरातच्या खेड्यात तो उपयोगी पडला, कारण तेथे चौकशी करणाऱ्याला काय विचारावे हे त्यामुळे कळले.

श्रीनिवास ग्रंथदृष्टी आणि क्षेत्रदृष्टी असा भेद करीत आणि पहिलीवर कडक टीका करीत. आमच्या मते ती टीका थोडी अधिकच कडक होती. खेड्यात जाणाऱ्याच्या पिशवीतही एखादे पुस्तक असतेच. ते आपल्याजवळ आहे हे ठाऊक असले म्हणजे पुरे.

तरीही एक उणीव आम्हांला जाणवते. देसाईंच्या पायऱ्यांनी मोजले तर आम्ही निःसंशय एकत्र. पण दूर राहणाऱ्याला एकत्रपणा स्वस्तात पडतो. दरमहा पैसे पाठवले, भाद्रपदात आरतीला उभे राहिले, की झाले. वडिलांचे दुखणे, बांधावरची भांडणे, पावसाआधीची कौले ही गावी राहिलेल्या भावाच्या वाट्याला येतात. आमच्या वहिनींना आम्ही एकदा हा सारा वाद सांगितला. त्या म्हणाल्या, “भावजी, मी ज्यांचं रांधते ते माझ्या घरचे. तुम्ही आपले आहात, ते निराळं.” जनगणनेची व्याख्या आणि शहांचा भेद, दोन्ही एका वाक्यात आले. एकत्रपणाच्या पायऱ्या ठरविताना तो एकत्रपणा कोणाच्या कष्टांवर उभा आहे, हाही एक रकाना असावयास हवा होता.

यंदा थोरल्या भावाने शेताची वाटणी करून घ्यावी असे सुचविले आहे. त्यांचे म्हणणे न्याय्य आहे. इरावतीबाईंच्या पाच खुणांपैकी तिसरीही आता पुसली जाईल. कागद आमच्या सहीसाठी येऊन पडले आहेत. त्यांत विहीर आहे, आंब्याची सात झाडे आहेत, गोठा आहे. देवघराचा उल्लेख कोठेच नाही.