मोटारीचे डोके

मोटारीला पाय असतात, डोळे असतात आणि तिचे पोट कधी भरत नाही, हे पगारदार माणसाला कोणी सांगायला नको. पण तिला डोकेही असते, आणि वेळ पडली तर ते धडावरून उतरवून, साफसूफ करून पुन्हा जागच्या जागी बसवता येते, ही गोष्ट पुष्कळ सुशिक्षितांच्या गावी नसते. माणसाच्या बाबतीत अशी सोय असती, तर आमच्या महाविद्यालयातल्या कितीतरी सभा वेळेवर आटोपल्या असत्या!

या डोक्याला कारागीर मंडळी नुसते 'हेड' म्हणतात. इंजिनाचे धड म्हणजे बिडाचा एक जड ठोकळा. त्यात चार उभ्या नळ्या आणि नळ्यांत वरखाली होणारे चार दट्टे. या नळ्यांची तोंडे ज्या झाकणाने बंद होतात ते हेड. पेट्रोलचा भडका उडतो तो याच्या छताखाली, आणि त्या भडक्याची धग शोषून घेणारे पाणी खेळते तेही याच्याच पोटातून. आग आणि पाणी एका घरात नांदवायचे म्हणजे मधली भिंत पक्की हवी. ते काम धड आणि डोके यांच्यामध्ये दाबून बसवलेल्या एका पातळ पत्र्याकडे असते. त्याचे नाव गॅसकेट. सासूसुनेच्या मधल्या मुलासारखे त्याचे आयुष्य: दाब दोन्हीकडून, आणि फाटला तर दोष त्याचाच.

आमच्या घरची गाडी पद्मिनी आहे. मूळची ही इटलीतल्या फियाटच्या घराण्यातली. १९६४ पासून ती मुंबईत कुर्ल्याला 'फियाट ११०० डिलाइट' या नावाने तयार होऊ लागली आणि १९७४ मध्ये तिला चितोडच्या राणीचे नाव मिळाले. पण हे सासरचे नाव कागदोपत्रीच राहिले. आमच्या कोल्हापुरात तिला जो तो माहेरच्या नावाने 'फियाट'च म्हणत आला. मुंबईच्या रस्त्यांवरून टॅक्सी म्हणून ती २०२३ च्या ऑक्टोबरात कायमची निवृत्त झाली. आमची मात्र नोकरीत होती. नानांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, ती १९८७ साली घेतली. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होतो. रोज सकाळी अंघोळ झाली की नाना एक तांब्या पाणी तुळशीला घालीत आणि दुसरा गाडीच्या रेडिएटरला. हा क्रम मी पस्तीस वर्षे पाहिला. तुळस पुढे आईने सांभाळली. नाना गेल्यावर गाडी शेडमध्ये उभी राहिली ती राहिलीच.

गेल्या वर्षी श्रावणात ती पुन्हा चालू केली, तेव्हा ती पाणी खाऊ लागली. बाहेर एक थेंब गळत नव्हता, तरी रेडिएटर रिकामा. मागून पांढरा धूर. इंजिनातल्या तेलाची पट्टी काढून पाहिली, तर तेल दूध घातलेल्या कॉफीच्या रंगाचे. पाणी आणि तेल यांची भेट झाल्याची ती खूण होती.

धाकटा भाऊ पुण्याला असतो. तो फोनवर म्हणाला, "दादा, भावनेवर गाडी चालत नाही. आता जुन्या गाड्या मोडीत काढायचं सरकारी धोरण आहे, रीतसर देऊन टाकू." हे धोरण २०२१ साली आले आहे, आणि त्याचे म्हणणे गैर नव्हते. मी आईकडे पाहिले. ती काहीच बोलली नाही. गहू निवडीत राहिली. आई बोलली की तिचे मत कळते. ती बोलली नाही की मात्र घरात सगळ्यांना जपून वागावे लागते.

नानांच्या गाडीला आयुष्यभर ज्यांनी हात लावला ते मिस्त्री आता सत्तरीच्या पुढे गेले आहेत. उजव्या हाताला कंप सुटला म्हणून त्यांनी तीन वर्षांपूर्वी गॅरेज बंद केले. निरोप धाडला, तर मुलाच्या स्कूटरवर मागे बसून आले. गाडीभोवती एक फेरी मारली, रेडिएटरचे झाकण उघडून वास घेतला, आणि म्हणाले, "सर, हेड खोलल्याबगर भंगार म्हणू नका. आत तडा गेला असंल, तर मी माझ्या तोंडानं सांगतो, देऊन टाका म्हणून. पण आधी बघू तरी."

"पण खोलणार कोण?" मी विचारले.

त्यांनी आपला थरथरता हात पुढे धरला आणि हसून म्हणाले, "मी सांगतो, तुम्ही करा. इतकी वर्षं तुम्ही सांगताय नि पोरं करत्यात. आता जरा उलटं!"

'खोलणे' हा शब्द आम्हा मराठीच्या प्राध्यापकांना खटकतो. तो हिंदीचा, आपला 'उघडणे' असताना तो कशाला, असे मी वर्गात सांगत आलो. पण दिवाळीच्या सुटीत चार दिवस शेडमध्ये काढल्यावर माझे मत बदलले. दार उघडतात, डबा उघडतात; उघडलेले लोटले की बंद होते. इंजिन उघडत नाहीत, खोलतात. खोललेले नुसते लोटून बंद होत नाही. ज्या क्रमाने सुटले त्याच्या उलट क्रमाने ते जोडत यावे लागते. मोरोपंतांच्या आर्येचा अन्वय लावताना आम्ही शब्द सुटे करतो, तेव्हा कोणता शब्द कुठून निघाला याचे भान ठेवावे लागते, तसेच हे. त्या क्रमाला कारागीर विद्या म्हणत नाही, इतकेच.

मिस्त्री वेताच्या खुर्चीत बसले. पहिला धडा सबुरीचा. आदल्या संध्याकाळपासून गाडीला हात लावायचा नाही, अशी आज्ञा होती. "गरम इंजिनाचं हेड उतरायचं न्हाई. माणूस तापलेला असताना त्याच्या डोक्याला हात लावता का?" यातले शास्त्र असे, की धड बिडाचे आणि डोके ॲल्युमिनियमचे. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट पसरते. ते तसे पसरलेले असताना सोडवले, तर निवताना वाकडे होते.

मग बॅटरीची तार सोडवली. रेडिएटरमधले पाणी काढले; ते विटकरी रंगाचे निघाले. रबरी नळ्या, हवेचा डबा, कार्बोरेटर, सायलेन्सरचा पाइप अशी एकेक वस्तू सुटत गेली. प्रत्येक नट कागदाच्या पुडीत, पुडीवर नाव. प्लगच्या चार तारांना चिकटपट्टीवर आकडे. वरचे टॅपेट-कव्हर काढल्यावर आठ लांब सळ्या दिसल्या. यांना पुश रॉड म्हणतात. दिसायला सख्ख्या बहिणी, पण इतक्या वर्षांत प्रत्येक जण आपापल्या जागी झिजलेली. एकीची जागा दुसरीला द्यायची नाही. मिस्त्रींनी जाड पुठ्ठा मागितला. घरात लग्नपत्रिकेखेरीज जाड पुठ्ठा नव्हता. त्या पत्रिकेला मी आठ भोके पाडली, आकडे घातले आणि सळ्या एकेक करून खोचल्या. "अगं बाई, शुभकार्याची पत्रिका!" असे आई म्हणाली खरी, पण त्यानंतर ती गव्हाचे ताट घेऊन शेडच्या दारातच येऊन बसली.

हेडचे नट सोडवण्याचीही रीत असते. बाहेरच्या कडांपासून सुरुवात करून मध्याकडे यायचे, आणि एकेक नट पुरा न सोडता सगळे थोडे थोडे सैल करायचे. "एकाचा भार काढून दुसऱ्यावर टाकला की हेड वाकतंय. समद्यांनी मिळून सैल पडायचं." सगळे सुटले तरी डोके हलेना. मी पेचकस उचलला, तसे मिस्त्री खुर्चीतून अर्धे उठले. फटीत लोखंड घालून उचकटायचे नाही, मऊ ॲल्युमिनियमला चरा पडतो. लाकडी हातोडीने बाजूने हलकेच ठोकत राहिलो. पंधरा-वीस टोल्यांनंतर 'चट्' असा आवाज झाला आणि हेड सुटले.

आत चार खोल्या. तिघींच्या भिंतींवर काजळी, जुन्या स्वयंपाकघरातल्यासारखी. तिसरी मात्र लख्ख, आणि तिच्या दट्ट्याचा माथा घासून ठेवलेल्या भांड्यासारखा. मी आनंदाने म्हणालो, "ही किती स्वच्छ आहे!" मिस्त्री म्हणाले, "तीच आजारी हाय. आत पाणी शिरतंय, त्याची वाफ होतीया, नि वाफ काजळी धुतीया."

जुन्या गॅसकेटचे तुकडे पृष्ठभागाला चिकटले होते. जुन्या गॅसकेटांत ॲसबेस्टॉस असे आणि त्याची धूळ फुप्फुसाला घातक असते, म्हणून मी तोंडाला मास्क लावून ते पाण्याने भिजवून ओलेच खरवडू लागलो. मिस्त्रींना गंमत वाटली. "आम्ही जल्मभर फुंकर मारून उडवलं," ते म्हणाले, आणि त्यांना खोकला आला. मी दुसरा मास्क त्यांच्या पुढे धरला. त्यांनी तो मुकाट्याने लावला.

हेड उलटे करून खिडकीच्या उजेडात नेले. तडा नव्हता. पण तिसऱ्या खोलीजवळच्या पाण्याच्या भोकाची कड उंदराने कुरतडलेल्या भाकरीसारखी झाली होती. त्यावर पोलादी पट्टी आडवी ठेवली, तर मधोमध केसाएवढी फट. मिस्त्रींनी कुरतडलेल्या कडेवरून बोट फिरवले आणि हळूच मला म्हणाले, "नळाचं पाणी. बीड नि ॲल्युमिनियम एका पाण्यात राहिलं की ॲल्युमिनियम झिजतंय. नानांस्नी कितींदा म्हणालो, कूलंट घाला. म्हणायचे, देवानं पाणी फुकट दिलंय, विकतचं रंगीत पाणी कशाला?"

म्हणजे रोज सकाळचा तो तांब्या! ज्या मायेने गाडी एवढी वर्षे टिकली, त्याच मायेने तिला आतून पोखरले होते. मला काही सुचेना.

तेवढ्यात आईने दारातून विचारले, "कशानं झालं हो, मिस्त्री?"

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिले नाही. हेडवरचे बोट उचलून ते म्हणाले, "वयानं, वहिनी. आपल्यागतच."

आई हसली. "मग होईल का बरी?"

"हुईल की. तडा न्हाई."

मी वीस वर्षे शब्दांवर व्याख्याने देतो आहे. कोणता शब्द कुठे वापरावा, आणि खरे असूनही कोणता वापरू नये, याचा इतका नेमका पाठ मला कोणत्याही ग्रंथात मिळालेला नाही.

शिवाजी उद्यमनगरात आम्ही हेड घेऊन गेलो. कोल्हापूरच्या या वसाहतीत ओतकाम आणि यंत्रकाम यांचे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या मुरलेले आहे. तिथल्या कारागिराने खाल्लेली कड ॲल्युमिनियमचे वेल्डिंग करून भरली आणि यंत्रावर पृष्ठभाग तासून सपाट केला. जितके कमी तासावे तितके चांगले, कारण तासलेली धातू परत येत नाही. मग नवे गॅसकेट आले आणि जोडणी सुरू झाली. सोडताना बाहेरून आत आलो होतो. आवळताना मधून बाहेर गेलो, तीन फेऱ्यांत, मोजून जोर लावणाऱ्या पान्याने. आठही सळ्या पत्रिकेतून आपापल्या घरी गेल्या. नवे तेल घातले. रेडिएटरमध्ये हिरवे कूलंट ओतताना आईने विचारले, "हे काय?" मी म्हणालो, "औषध."

गाडी चालू झाली. भावाला फोनवर तिचा आवाज ऐकवला. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "नाना आल्यासारखं वाटलं रे." भंगाराचा विषय त्याने पुन्हा काढलेला नाही.

निघताना मिस्त्री बजावून गेले, "पाचशे किलोमीटर झाले की हेड परत आवळायचं. नवं गॅसकेट तापून-निवून बसतंय, नट जरा ढिले पडत्यात. तवा मला बोलवा. एकट्यानं करू नका." हा जुन्या गाड्यांचा शिरस्ताच आहे. पण तो सांगताना त्यांनी मुलाच्या खांद्यावर हात ठेवून स्कूटरवर बसायला जो वेळ घेतला, तो मी पाहिला.

तेव्हापासून आमच्या घरात वाण्याकडे कोणी पायी जात नाही. आईला ज्योतिबाला नेऊन आणले, नृसिंहवाडीला नेऊन आणले. एका दूरच्या मावशीला गाडी पाहायची होती असे सांगून इचलकरंजीलाही जाऊन आलो. काल रात्री मीटर पाहिला. चारशे बारा झाले आहेत. अजून अठ्ठ्याऐंशी हवेत. रविवारी पन्हाळ्याला जायचे ठरले आहे, आणि जाताना नेहमीचा जवळचा रस्ता घेऊ नये, असे आईचे मत पडले आहे.