कार्यभार

सरकारी नोकरीत एकतीस वर्षे काढलेल्या माणसास दुसरे काही येवो न येवो, कार्यभार देण्याघेण्याची विद्या अवश्य येते. आमच्या नऊ बदल्या झाल्या. प्रत्येक वेळी तिजोरीच्या किल्ल्या मोजल्या, शिक्के कागदावर उमटवून पाहिले आणि मध्यान्हपूर्व की मध्यान्होत्तर हे न चुकता लिहून देणाऱ्याने व घेणाऱ्याने एकाच कागदावर सह्या केल्या. त्या कागदाचा अर्थ एवढाच की, माणूस जातो, खुर्ची राहते. हे तत्त्व आम्ही नऊ गावी पाळले आणि निवृत्तीनंतर ज्या गावी स्थायिक झालो, तेथील मराठी मंडळात मात्र साफ विसरलो. त्याची ही हकीकत.

उत्तरेकडील या शहरात मराठी कुटुंबे ती किती! निम्मी बदलीवर आलेली, निम्मी आमच्यासारखी येथेच रुजलेली. मंडळाचे एक वाचनालय आहे आणि वर्षाकाठी एक दिवाळी अंक निघतो. आमचे चिटणीस रेल्वेच्या हिशेबखात्यातील. चौदा वर्षे जाहिरातदारांची बिले, लेखकांची हस्तलिखिते, पुण्याच्या छापखान्याशी चालणारा व्यवहार, सारे काही त्यांच्या स्वतःच्या नावाच्या, फुकट मिळालेल्या ई-मेल खात्यावर येई. बावीस जुन्या अंकांचे प्रत्येक पान संध्याकाळी बसून स्कॅन करून त्यांनी तेथेच साठवले होते. दोन वर्षांपूर्वी आषाढात एका रात्री त्यांचे हृदय बंद पडले.

भाद्रपदात अंकाची आठवण झाली, तेव्हा ध्यानात आले की पेटी आहे, पण किल्ली नाही. परवलीचा शब्द कुणास ठाऊक नव्हता. नवा मागावा तर संकेतांक त्यांच्या मोबाइलवर जाणार, आणि तो क्रमांक वहिनींनी कधीच बंद करून टाकलेला. कंपनीस लिहिले. सभ्य उत्तर आले. त्याचे तात्पर्य असे की, मृताच्या खात्याविषयी काय ते त्याच्या वारसांशी बोलता येईल. मंडळ हे त्यांचे वारस नव्हते.

आम्ही चारचौघांत कंपनीस पुष्कळ दूषणे दिली. पुढे एकदा इतिवृत्ताची वही चाळताना २०१६ सालच्या एका सभेचा वृत्तांत हाती लागला. चिटणिसांनी प्रस्ताव मांडला होता की, मंडळाच्या नावाचे डोमेन घ्यावे व त्यावर पदनिहाय ई-मेल खाती उघडावीत. समासात अध्यक्षांचा शेरा होता, ‘फुकट मिळते त्यास पैसे का मोजावे? तूर्त आवश्यकता नाही.’ अक्षर ओळखायला वेळ लागला नाही. ते आमचेच होते. त्या दिवसापासून दूषणे बंद झाली.

मग आम्ही कामास लागलो. मंडळातील एका तरुण अभियंत्यास चहाला बोलावले. तो म्हणाला, “काका, डोमेन विकत मिळत नाही, वर्षाच्या बोलीने मिळते. मुदत चुकवली तर नाव जाते. आता सांगा, तुमच्या नावावर नोंदवू का?” आम्ही ‘हो’ म्हणण्याच्या बेतात होतो! एवढे होऊनही. जीभ चावून म्हटले, “नाही, मंडळाच्या नावावर.” संकेतांकासाठीही मंडळाचा निराळा मोबाइल क्रमांक घेतला. कोषागाराच्या तिजोरीस दोन कुलपे असतात व किल्ल्या दोन अधिकाऱ्यांकडे. त्या धर्तीवर सर्वाधिकाराचे खाते दोघांकडे ठेवले. अध्यक्ष, चिटणीस, संपादक अशा पदांच्या पत्रपेट्या निघाल्या. कोणत्याही माणसाचे नाव त्यांत नाही.

पहिली दहा पत्रे जाहिरातदारांना धाडली, ती बहुतेक ‘स्पॅम’च्या उकिरड्यात पडली. अभियंत्याने कारण सांगितले. डोमेनच्या नोंदींत ‘एमएक्स’ ही नोंद येणारे टपाल कोणत्या सर्व्हरवर न्यावे ते सांगते. ती आम्ही केली होती. परंतु आमच्या नावाने टपाल पाठवण्याचा अधिकार कोणत्या सर्व्हरला आहे, याची यादी म्हणजे ‘एसपीएफ’, आणि प्रत्येक पत्रावर उमटणारी सही म्हणजे ‘डीकेआयएम’. या दोन्ही राहून गेल्या होत्या. या कसोट्यांस न उतरणाऱ्या पत्राचे काय करावे, ते ‘डीमार्क’ सांगते. आमच्या मनात आले, हे तर आपले नमुना-स्वाक्षरीचे रजिस्टर! ज्याची सही कोषागारात नोंदलेली नाही, त्याचे बिल कोण पास करील?

अंक पुन्हा जमवायचे, तर सभासदांच्या माळ्यांवरून. बावीसपैकी एकवीस मिळाले. ते स्कॅन करून पुण्यास धाडायचे, तर एकेका अंकाचे वजन तीन-चारशे मेगाबाइट, आणि ई-मेलला झेपते ते साधारण पंचवीस. त्यातही मेख अशी की, ई-मेल मुळात अक्षरांसाठी घडलेली असल्याने सहपत्राचे अक्षरांत रूपांतर होते आणि तीन बाइटांचे चार होतात. म्हणजे अठरा मेगाबाइटांची वस्तू पंचवीसच्या घरात जाते. तेव्हा फायली वेगळ्या वाटेने पाठवणे आले.

या वाटेची आद्य आखणी एका भारतीयाने केली, हे आम्हास तेव्हा कळले. कानपूरच्या आयआयटीच्या पहिल्या तुकडीतून १९६५ साली बाहेर पडलेले अभय भूषण अमेरिकेत एमआयटीत असताना त्यांनी एप्रिल १९७१ मध्ये ‘फाइल ट्रान्स्फर प्रोटोकॉल’चा, म्हणजे एफटीपीचा, पहिला आराखडा लिहिला. त्याच वर्षी रे टॉमलिन्सन यांनी ई-मेलच्या पत्त्यात माणूस आणि यंत्र यांच्यामध्ये ‘@’ हे चिन्ह बसवले. मूळ एफटीपीत परवलीचा शब्द उघडा, पोस्टकार्डावरील मजकुरासारखा जातो. म्हणून आम्ही सारा मार्ग कुलूपबंद ठेवणारी एसएफटीपी ही पद्धत वापरली. फाइल पोहोचल्यावर दोन्ही टोकांस तिची चौसष्ट अक्षरांकांची खूण काढून ताडून पाहिली. एक बिंदू बदलला तरी खूण बदलते. मोजून दिले, मोजून घेतले. आमचा जुना धर्मच तो.

बाविसावा अंक वहिनींनी लेकीच्या घरून टपालाने पाठवला. सोबत चिठ्ठी होती, “भाऊजी, ही त्यांची स्वतःची प्रत. पेन्सिलीच्या खुणा पुसू नका.” प्रत्येक पानावर त्यांनी मुद्रणदोष दुरुस्त केले होते. एका लेखाच्या शेवटी लिहिले होते, ‘पुढील वेळी दोनदा वाचणे.’ लेख आमचा होता. ते पान खुणांसकट स्कॅन केले.

जुन्या पत्त्यावर अद्यापि काही जण लिहितात. उत्तर येत नाही आणि पत्र परतही येत नाही. आम्ही त्यांना नवा पत्ता कळवतो. पण एकदा आम्हीही त्या पेटीत चार ओळी टाकल्या, त्यांचा २०१६ सालचा प्रस्ताव मंजूर झाल्याच्या.

गेल्या महिन्यात नवे चिटणीस आले, बदलीवरचेच. दोन वर्षांनी जातील. वाचनालयाच्या टेबलाशी बसून किल्ल्यांबरोबर त्यांना पत्रपेटीही दिली. त्यांनी परवलीचा शब्द आमच्यासमक्ष बदलला. मग आम्ही कोऱ्या कागदावर यादी केली : किल्ल्या चार, शिक्का एक, पत्रपेटी एक, अंक बावीस. खाली ‘दिला’ म्हणून आम्ही सही केली, ‘घेतला’ म्हणून त्यांनी. मध्यान्होत्तर.